सात खिडक्यांची सात कार्डं

स्वयंपाकघरातल्या खिडकीचं हँडल हातात आलं, तेव्हा कार्डकाकांनी आधी मागे वळून कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून घेतली. मग ते हँडल अलगद जागेवर टेकवलं आणि तिथेच राहण्याची त्याला मनोमन विनंती केली. हँडलाने क्षणभर विचार केला, आणि ते ओट्यावर पडलं. ओट्यावरून बशीवर पडलं. बशी फुटली आणि बाहेरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला.

"काय फोडलंत?"

"बशी," काका म्हणाले. बशीपुरतं ते खरं होतं.

हँडल त्यांनी खिशात टाकलं आणि खिडकीकडे पाहिलं. धरून ठेवणारं कोणी उरलं नाही हे खिडकीच्याही लक्षात आलं असावं, कारण ती हळूच बाहेरच्या बाजूला उघडली. खाली चार मजले होते. काकांच्या पोटात गोळा आला. तसा तो दिवसातून तीन-चार वेळा येतच असे. दाराची घंटा वाजली की येई, टपालात जाड पाकीट आलं की येई, दुकानदाराने "बोला" म्हटलं की येई. पण खिडकीचा गोळा वेगळा होता, आणि तो जुना होता.

काकांनी पस्तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहिली. निवृत्त झाल्यावर कार्डं उरली आणि सवयही उरली. घरात वाण्याची यादी कार्डावर, औषधांच्या वेळा कार्डावर. काकूंच्या वाढदिवसाचंही एक कार्ड होतं, आणि ते शुभेच्छांचं नव्हतं. म्हणून इमारतीतली मुलं त्यांना कार्डकाका म्हणत. काकांना वाटे, यात थोडी चेष्टा आहे. ती थोडी नव्हती, पण त्यांना तसं कोणी सांगितलं नाही.

हँडल एरवी आठ दिवसांनी बसवलं असतं तरी चाललं असतं. पण आदल्याच दिवशी लेकीचा फोन येऊन गेला होता.

"बाबा, मला कामासाठी दहा दिवस बाहेरगावी जावं लागतंय. हेही नाहीत इथे. भिंगरीला तुमच्याकडे सोडू का?"

भिंगरी म्हणजे नात. वय वर्षं चार. तिला ज्याने हे नाव ठेवलं त्याने अतिशयोक्ती केली नव्हती.

"सोड की!" काका आनंदाने म्हणाले.

"पण खिडक्या नीट बंद होतात ना? तिला सारखं कशावर तरी चढायचं असतं. मी तिकडे जीव मुठीत धरून बसणार नाही, आधीच सांगते. खिडक्यांना कुलपं हवीत. तशी नसतील तर तिला रात्रीही मुलं सांभाळणाऱ्या पाळणाघरात ठेवते. राग मानू नका."

"कुलपं आहेत," काका म्हणाले. मग सत्याची थोडी चाड वाटून त्यांनी पुस्ती जोडली, "म्हणजे होतील. तू येईपर्यंत."

"मी सोमवारी येते."

म्हणजे बरोबर सात दिवस होते, आणि घरात खिडक्याही सात होत्या. काकांनी उरलेल्या सहांची तपासणी केली. दोन हँडलं लुळी होती. एक पंख्यासारखं गरागरा फिरत होतं आणि कुठेच थांबत नव्हतं. बाकीची बरी होती, पण कुलूप एकालाही नव्हतं. आणि प्रत्येक खिडकीखाली घरातलं काही ना काही असं उभं होतं, की त्यावर चार वर्षांच्या पोरीला सहज चढता यावं: इथे खुर्ची, तिथे पेटी, अभ्यासाच्या खोलीत तर खुद्द काकांची पुस्तकं काढायची तीन पायऱ्यांची घडवंची. चाळीस वर्षं या घरात राहून आपण सापळे मांडून बसलो आहोत, असं त्यांना वाटलं.

त्या जुन्या गोळ्याबद्दल एवढंच सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी, काकू बाजारात गेलेल्या असताना, काका पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. त्यांनी पान उलटताना सहज वर पाहिलं, तर चार वर्षांची लेक उघड्या खिडकीत बसलेली, पाय बाहेर. ती सुखरूप खाली उतरली. कशी उतरली, हे काकांनी कोणालाही सांगितलं नाही. मुळात ती चढली होती हेच सांगितलं नाही. काकूंना तर नाहीच. उद्या सांगू, म्हणता म्हणता एकतीस वर्षं झाली.

*

समोरच्या घरात जे गृहस्थ राहत त्यांना सगळी इमारत 'अनुभवी' म्हणे, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा" इथून सुरू होई. अनुभव नेमका कशाचा, हे कधी कोणाला कळलं नाही. काका हँडलाचं माप घेत होते तेव्हा दार उघडं होतं, आणि उघडं दार हे अनुभवींना आमंत्रणासारखंच असे.

"माझा अनुभव असा," ते आत येत म्हणाले, "की हँडल गेलं म्हणजे खिडकी गेली. अख्खी खिडकी बदला."

"सातही?"

"सात कशाला? भिंतच काढा. पुढे मोठी काच बसवा."

भिंतीच्या जागी काच आणि काचेला टेकलेली भिंगरी, हे चित्र काकांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

"फक्त हँडलं बदलायची आहेत हो," ते अजिजीने म्हणाले. "कुलपाची."

"मग ते तर अर्ध्या तासाचं काम. मी येतो ना बसवायला! माणूस बोलवू नका, माणसं बिघडवून ठेवतात."

नको म्हणायचं काकांच्या मनात होतं. पण तोंडावर नाही म्हणायचा त्यांना सराव नव्हता, त्यामुळे ते "बरं" म्हणाले आणि मग तासभर त्याबद्दल स्वतःला बोल लावत बसले.

मापं मात्र त्यांनी मन लावून घेतली. प्रत्येक खिडकीचं एक कार्ड केलं. खिडकी क्रमांक, खोली, दोन स्क्रूंमधलं अंतर त्रेचाळीस मिलिमीटर, आतल्या चौकोनी दांडीची जाडी सात मिलिमीटर, लांबी पस्तीस. आणि ही हँडलं बोटं चौकटीवर घासू नयेत म्हणून एका अंगाला वाकवलेली असतात, त्यामुळे शेवटची ओळ होती: बाजू, डावी की उजवी. चार डाव्या निघाल्या, तीन उजव्या. कार्डं क्रमाने लावून त्यांना दोरा बांधला तेव्हा काकांना आठवड्यात पहिल्यांदा जरा धीर आला.

तो दुकानापर्यंत टिकला. लोखंडी सामानाच्या त्या दुकानात गल्ल्याच्या वरच पाटी होती: 'विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.' 'कोणत्याही' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. काकांना वाटलं, त्या आपल्यासाठीच मारल्या आहेत. त्यांनी पुढे दोन गिऱ्हाइकांना जाऊ दिलं. मग तिसऱ्यालाही. तिसरा म्हणाला, "काका, तुम्ही रांगेत आहात का पंख्याखाली उभे आहात?"

"बोला," दुकानदार म्हणाला. गोळा आला.

काकांनी न बोलता कार्डं पुढे केली. दुकानदाराने ती पत्त्यांसारखी पिसली. काकांना स्वतःचे केस कोणीतरी विस्कटावेत तसं झालं.

"कुलपाची. त्रेचाळीस, सात, पस्तीस. बरोबर आहे. चार डावी, तीन उजवी. नक्की?"

आता हा प्रश्न साधा होता. पण पस्तीस वर्षांत काकांच्या कार्डाला कोणी "नक्की?" विचारलं नव्हतं. माणूस म्हणून काका कशाबद्दलच नक्की नसत, पण कार्डाच्या बाबतीत त्यांना मान होता, आणि त्या मानाला धक्का लागला. ते ताठ झाले.

"नक्की," ते म्हणाले.

"एकदा परत बघून येता का? डाव्याउजव्यात लोक फार चुकतात."

"मी चुकत नाही," काका म्हणाले. आयुष्यात एवढ्या ठामपणे ते दुसरं काही बोलले नसतील. बाहेर पडल्यावर त्यांची छाती फुगलेली होती. मनुष्य शूर व्हायला कुठली वेळ निवडेल, याचा नेम नसतो.

*

घरी परतताना जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी भेटले. त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं.

"खिडक्यांची हँडलं?" ते थबकले. "म्हणजे दर्शनी भागात बदल."

"आतल्या बाजूला असतात ना पण," काका म्हणाले.

"काचेतून बाहेर दिसतात का?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कोणी निरखून पाहिलं तर."

"मग दर्शनी. अर्ज करा. तीन प्रती, जुन्या आणि नव्या हँडलाच्या रेखाचित्रासकट."

दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. काकांनी दोन दिवस लावून अर्ज लिहिला. तो इतका नम्र होता की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाने इमारतच पाडली आहे आणि आता तो क्षमा मागतो आहे. सोबत त्यांनी सातही कार्डांच्या नकला जोडल्या.

सेक्रेटरींनी तो उभ्याउभ्या वाचला. "मंजुरी महिन्याच्या बैठकीत."

"पण माझी नात सोमवारी..."

"मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही." सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "तुम्ही आपले बसवा. पण उद्या कोणी विचारलं, तर मी नाही म्हटलं होतं असं मी सांगणार. आत्ताच सांगून ठेवतो."

झालं. आता रात्रंदिवस खिडक्यांच्या भीतीला बैठकीच्या भीतीची सोबत झाली. जेवताना काकूंनी विचारलं, "अहो, चेहरा का असा? हँडलंच बसवायची आहेत ना?"

"त्यांना परवानगी नाही," काका कुजबुजले.

"हँडलांना?"

"मला."

*

रविवारी सकाळी अनुभवी एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि भरपूर उत्साह घेऊन आले. दोघांनी मिळून जुनी हँडलं काढली. त्याबरोबर सातही खिडक्या बाहेर उघडल्या आणि घरभर वारा शिरला. कागद उडाले, कॅलेंडर भिंतीवर डोकं आपटू लागलं. काकांना वाटलं, आता आपणही उडणार.

खिडकी बाहेर उघडलेली, त्यामुळे हँडल बसवायला हात बाहेर काढावा लागे. काका म्हणाले, "मी आतूनच स्क्रू देत जातो." अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव असा, की घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने बसवलं म्हणजे टिकतं. मी सांगतो तसं करा." तेव्हा काकांनी कपडे वाळत घालायची दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक लोखंडी कपाटाच्या पायाला बांधलं, आणि कपाटावर विश्वास नसल्यामुळे मधला भाग काकूंच्या हातात दिला.

"मी काय करायचं?" काकू म्हणाल्या.

"धरायची."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"सोडायची नाही."

"म्हणजे मीही येऊ तुमच्यामागून? चाळीस वर्षं आले तेवढं पुरे झालं नाही वाटतं!"

डोळे निम्मे मिटून काकांनी पहिलं हँडल दांडीवर सरकवलं. सूचनापत्रकातल्या चित्रात हँडलाचं तोंड खाली होतं, म्हणून त्यांनीही खाली केलं. हँडल लोण्यात सुरी जावी तसं बसलं. काकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अर्थात ते निम्मे मिटलेले होते.

"एकदा बंद करून बघू या का?" त्यांनी विचारलं.

"छे! माझा अनुभव असा, की एकेक बघत बसलं की काम लांबतं. सगळी बसवू, मग एकदम बघू."

सातही बसली. एकही कुरकुरलं नाही. काका घामाने निथळत, कमरेला दोरी तशीच, खुर्चीत टेकले. अनुभवींनी मात्र विजयी सेनापतीसारखी घरभर फेरी मारली आणि प्रत्येक हँडलावरचं कुलपाचं बटण अंगठ्याने दाबलं. टक. टक. टक. सात वेळा.

"झालं!" ते म्हणाले. "आता हत्ती आला तरी उघडायचं नाही."

त्यांनी हॉलची खिडकी ढकलून बंद केली. ती परत उघडली. पुन्हा ढकलली. पुन्हा उघडली. त्यांनी हँडल फिरवायला घेतलं. हँडल हलेना. हलणार कसं? कुलूप लागलं होतं.

"अहो," काकांचा आवाज चिरकला, "कुलूप खिडकी उघडी असताना लागलंय!"

खरंच तसं होतं. खिडक्या उघड्या असताना हँडलं तोंड खाली करून बसवल्यामुळे सगळं उलटं झालं होतं. तोंड खाली केलं की खिडकी उघडी, आडवं केलं की बंद; आणि कुलूप तर तोंड खाली असतानाच लागणारं. सातही खिडक्या आता पक्क्या, भक्कम, हत्तीला न जुमानता उघड्या होत्या. बाहेर चार मजले होते आणि उद्या सोमवार होता.

"किल्ली," काका म्हणाले. "किल्ल्या कुठे आहेत?"

"इथेच होत्या." अनुभवींनी चाचपडल्यासारखं केलं, मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली. कधी नव्हे ते वाक्य त्यांनी अनुभवाशिवाय सुरू केलं. "मी जरा घरून मोठा पाना घेऊन आलोच."

ते गेले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. काकू समोरच्या दारात विचारून आल्या.

"ते मेव्हणीकडे गेलेत. गावाच्या दुसऱ्या टोकाला. फोन घरीच ठेवून."

"आणि किल्ल्या?"

"त्यांची बायको म्हणाली, जाताना खिसा खुळखुळत होता."

काकांनी कमरेची दोरी सोडली, तिचे तुकडे केले आणि एकेक खिडकी ओढून चौकटीच्या खिळ्याला बांधायला सुरुवात केली. गाठ त्यांना एकच येत असे, वाचनालयात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याला मारायचे ती. दिसायला नीटस, आणि एका ओढीत सुटणारी.

पाचवी खिडकी बांधून होते तोच दाराची घंटा वाजली.

"आई, मी आजच आले!" लेकीचा आवाज. "उद्या पहाटेच निघायचंय. बाबा कुठेत? आणि घरात एवढा वारा कसला?"

भिंगरी तिच्या पायांमधून आत घुसली आणि दिसेनाशी झाली.

काका हातात दोरी घेऊन उभे. लेकीने दोरीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, नव्या चकचकीत हँडलाकडे.

"बाबा, हे काय?"

"कुलूप लागलंय," काका म्हणाले. इथेही त्यांनी खोटं सांगितलं नाही.

"कुलूप लागलंय तर दोरी कशाला?"

उत्तर काकूंनी दिलं, "तू आत ये, चहा घे, मग सांगते. सरळ सांगण्यासारखं नाही ते." त्या तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. काकांना ऐकू आलं, लेक म्हणत होती, "नाही आई, असं असेल तर मी पाळणाघरातल्या बाईंना आत्ताच फोन करते. अजून जागा आहे त्यांच्याकडे."

सात दिवसांची धडपड गेली. पण त्या क्षणी काकांना दुःखही करता आलं नाही, कारण त्यांच्या मनात एकच हिशेब चालू होता. पाच बांधल्या. दोन राहिल्या. भिंगरी कुठे आहे?

ते अभ्यासाच्या खोलीच्या दारात आले.

घडवंची खिडकीखालीच होती. सकाळी हँडल बसवताना त्यांनीच ती बाजूला सारून पुन्हा तिथे ओढली होती. भिंगरी तिच्या तिसऱ्या पायरीवरून खिडकीच्या कट्ट्यावर गेली होती. गुडघे कट्ट्यावर, एक हात चौकटीला, आणि दुसऱ्या हातात खिडकी बांधलेली दोरी. एका ओढीत सुटली होती. खिडकी बाहेर झुलत होती आणि भिंगरी मान लांब करून ती कुठवर जाते ते बघत होती.

काकांपासून ती दहा पावलांवर होती. ओरडावं तर ती दचकणार. धावावं तर ती खेळ समजून पुढे सरकणार. आणि खरं म्हणजे ओरडायला आवाज नव्हता आणि धावायला पाय नव्हते. काकांनी मग तेच केलं, जे त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी केलं होतं, कारण भीतीने गलितगात्र झालेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. ते होते तिथेच जमिनीवर बसले. खिशात हात घातला. हाताला सूचनापत्रक लागलं. ते उघडून त्यांनी हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

"सूचना पहिली. हँडल बसवण्याआधी हात कोरडे करावेत."

काकांनी वर पाहिलं नाही.

"सूचना दुसरी. स्क्रू एकदम घट्ट करू नयेत. आधी एक अर्धा फिरवावा, मग दुसरा अर्धा."

"आजोबा, काय वाचतोस?"

"गोष्ट."

"कोणाची?"

"एका हँडलाची." काकांनी आवाज आणखी खाली आणला. "सूचना तिसरी. हँडल जोरात ओढू नये. त्याला..."

"त्याला काय?"

काका पुटपुटले.

"मला ऐकू येत नाही!"

"मग जवळ ये."

घडवंचीची एक पायरी करकरली. मग दुसरी. काकांनी त्या मनात मोजल्या. मग दोन लहान तळवे फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि भिंगरी त्यांच्या गुडघ्यावर येऊन आदळली. काकांनी तिचा फ्रॉक मागून मुठीत धरला. आता कोणी कुऱ्हाड आणली असती तरी ती मूठ सुटली नसती.

"वाच ना पुढे," भिंगरी म्हणाली. "मुठीत नको धरू. त्याला काय झालं?"

"माझ्या वेळी टेलिफोनची डिरेक्टरी होती."

काकांनी मान वळवली. दारात लेक उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक, हात चौकटीवर, पण आवाज कसाबसा सरळ.

"तुला आठवतंय?" काका म्हणाले.

"सगळं. मी खिडकीत, आणि तुम्ही इथेच, या फरशीवर. अ पासून सुरुवात केलीत. सगळ्यांची नावं आणि नंबर. मला वाटलं, काय गंमत असेल त्यात, म्हणून मी उतरून आले. तुम्ही माझा फ्रॉक असाच धरला होता. मग क संपेपर्यंत वाचत बसलात. रडत होतात आणि वाचत होतात."

"कुठून उतरून आलीस?" मागून काकूंचा आवाज आला.

काकूंच्या हातात कप होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, घडवंचीकडे पाहिलं, मग काकांकडे. कप खाली ठेवला, खोलीत आल्या, खिडकी ओढून घेतली आणि तीन गाठी मारल्या. एकही शब्द न बोलता बाहेर गेल्या. काकांच्या पोटात जो गोळा आला, तो आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांचा बाप होता.

लेकीने फोन काढला. "हं, बाई? मी बोलतेय. नाही, येत नाही ती. हो, नक्की. माझ्या आईबाबांकडे राहील."

काका फ्रॉक न सोडता म्हणाले, "अगं, पण आत्ता तुझ्यासमोर..."

"बाबा, त्या बाई दर दोन वाक्यांनी म्हणतात, काळजी करू नका, काही होत नाही. मला 'काही होत नाही' म्हणणारं माणूस नकोय. तुम्हाला दर मिनिटाला वाटतं, आता काहीतरी होणार. तुमच्याइतकं घाबरट माणूस मला शोधूनही मिळायचं नाही. म्हणून ठेवतेय."

हा अपमान आहे की कौतुक, हे काकांना कळेना. त्यांनी दोन्ही ठेवून घेतलं.

*

संध्याकाळी अनुभवींनी किल्ल्या दाराच्या फटीतून आत सरकवल्या आणि घंटा न वाजवता पळ काढला.

कुलपं उघडली, पण हँडल फिरवताना बोटं चौकटीवर घासू लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी काका सातही हँडलं काढून पिशवीत घालून दुकानात गेले. भिंगरीला बोटाशी धरलं होतं. तिला घरी सोडायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या पाटीखाली उभं राहून, घाम पुसत, त्यांनी अख्खी कैफियत सांगितली. दुकानदाराने मध्ये तोंड घातलं नाही. मग त्याने कार्ड मागितलं.

"खिडकी क्रमांक एक, डावी. हँडल कुठल्या अंगाला होतं?"

काकांनी आठवलं. "उजव्या."

"मग डावी का लिहिली?"

"बिजागरी डावीकडे होती म्हणून. पुस्तकाची बाजू म्हणजे..." काका थांबले. पस्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक वस्तूकडे कण्याच्या बाजूने पाहिलं होतं. पुस्तकाचा कणा तो पुस्तकाचा पत्ता. खिडकीकडे पाहतानाही त्यांनी आधी तिचा कणाच शोधला होता, आणि जग मात्र खिडकीला दुसऱ्या बाजूने धरतं. "मी चुकलो," ते म्हणाले. "सातही वेळा."

"सात कुठली हो?" दुकानदार हसला. "चार डावी नेलीत, तीन उजवी. हवी होती तीन डावी, चार उजवी. आपसात अदलाबदल करा. माझ्याकडून एकच बदलून द्यायचं. एवढं ओझं कशाला आणलंत?"

"पण ती पाटी..."

"ती उद्धट गिऱ्हाइकांसाठी आहे." त्याने एक डावं ठेवून घेतलं, एक उजवं दिलं. "तुम्ही तर आल्यापासून माफीच मागताय. बाळ, आजोबांना सांभाळून ने हं."

भिंगरीने आजोबांना सांभाळून नेलं.

त्या दुपारी हँडलं बसवली ती दोरीशिवाय, अनुभवींशिवाय, आणि तोंड खाली केलं की खिडकी बंद होईल अशी. प्रत्येक हँडल बसवल्यावर खिडकी लगेच बंद करून पाहिली, कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मागोमाग भिंगरी प्रत्येक हँडल एकेकदा हलवून "बंद" असं म्हणत गेली. सातव्या खिडकीनंतर काकांनी पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली आणि तिलाही ते अगदी योग्य वाटलं. घडवंची त्यांनी कपाटावर उलटी टाकली. सेक्रेटरींची बैठक अजून व्हायची होती, पण त्या भीतीला आता दुसऱ्या नंबरावरच उभं राहावं लागत होतं.

कारण पहिल्या नंबरावर काकू होत्या. आदल्या दिवसापासून त्या फक्त गरजेपुरतं बोलत होत्या. "ताट घ्या." "मीठ तिथे आहे." काकांनी दोनदा सांगायला सुरुवात केली आणि दोनदा मीठ मागितलं.

संध्याकाळी भिंगरीने सूचनापत्रक शोधून आणलं. "ती हँडलाची गोष्ट वाच." काका अभ्यासाच्या खोलीत फरशीवर बसले, त्याच जागी. ती मांडीवर बसली. खिडकी बंद होती, कुलूप लागलेलं होतं, किल्ली काकांच्या खिशात होती, तरी दुसऱ्या हाताने त्यांनी फ्रॉक मुठीत धरला. सवय ती सवय.

"सूचना चौथी," काका वाचू लागले.

दारात पावलं वाजली. काकू आत आल्या, गुडघ्यावर हात ठेवून, जरा कण्हत, समोर फरशीवर बसल्या. काकांनी वाचायचं थांबवलं. आता ऐकून घ्यायची वेळ आली, असं समजून त्यांनी मान खाली घातली.

"चौथी कशाला?" काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून वाचा. मागच्या दोन्ही वेळी मी नव्हते."